एसएसवरचं काळं मार्किंग गंजतंय: मटेरियल बदलायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या (एसएस) प्लेटवर २० वॉटच्या फायबर लेसरने नंबर मारले, काळेभोर आले, पार्टी खूश, आणि पावसाळा लागल्यावर फक्त अक्षरांवर तांबूस गंज, वर लेसर मशीन विकणारा मशीनवाला म्हणतोय मटेरियल खराब. तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं कारण भोसरीत आमच्याकडे डिट्टो हेच झालंय.

फोकस, क्लीनिंग वगैरे तुम्ही बघितलंच असणार, ते सोडतो.

आमच्या मशीनवाल्याचं (नाव घेत नाही, उगाच भांडण नको) सर्व्हिस डिपार्टमेंट म्हणजे एकच रेकॉर्ड. फिकट आलं? पॉवर वाढवा. गंजलं? मटेरियल खराब. आम्ही स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते दाखवणारी टेस्ट) करून घेतला, क्रोमियम १८ टक्क्यांच्या वर, सगळं ओके, रिपोर्ट पाठवला तर म्हणे लॅब बदला! तोपर्यंत अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला, जाण्यायेण्याचं टेम्पोभाडं आमच्याच डोक्यावर, आणि इतक्या फोनांत एकानेही फ्रिक्वेन्सी (लेसर सेकंदाला किती पल्स, म्हणजे झटके, मारतो ते) किती ठेवलीय हे विचारलं नाही. अहो, प्लेट खराब असती तर अख्खी गंजली असती ना, फक्त अक्षरं कशी गंजतील?

२० वॉट हा नुसता ॲव्हरेज आहे. २० किलोहर्ट्झला एका पल्समध्ये १ मिलिज्यूल येतं, ते साधारण १०० नॅनोसेकंदात बाहेर पडतं, म्हणजे त्या क्षणाला १० किलोवॉट. एवढ्या वेळात एसएसमध्ये उष्णता जेमतेम मायक्रॉनभर आत जाते, सगळी वरच अडकते, पृष्ठभाग वितळतो, थोडा उडतो. स्टेनलेसला वाचवणारा क्रोमियम ऑक्साईडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. असं अति तापवल्यावर नवा जाड काळा थर तयार होतो, तो खालचं क्रोमियम ओढून घेतो, वर त्याला बारीक चिरा पडतात, आणि आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत पुढचं काम आपोआप होतं.

म्हणून खोदू नका, नुसतं बेताने तापवा. फ्रिक्वेन्सी ८० किलोहर्ट्झच्या आसपास न्या (पल्सची एनर्जी पावच होते), फोकस जरासा हलवा, स्पीड ट्रायल घेऊन ठरवा. बोट फिरवल्यावर खड्डा लागला नाही पाहिजे. नंतर सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन करा (म्हणजे तो वाचवणारा थर परत बसवा), पण आधी स्क्रॅप तुकड्यावर, कारण ॲसिडने काळा रंग उतरूही शकतो. मोपा (MOPA) प्रकारचा लेसर सोर्स असेल तर पल्सची रुंदीही (पल्स किती वेळ टिकते ते) कमीजास्त करता येते, साध्या क्यू-स्विच प्रकारच्या सोर्समध्ये ती फिक्स. माझं स्पष्ट मत, नवीन मशीन घेताना वॉट वाढवण्यापेक्षा मोपाला पैसे घाला. पटेलच असं नाही, आणि मी काही मेटलर्जिस्ट नाही, जॉबवर्क करणारा माणूस आहे, त्यामुळे फूड किंवा मेडिकलचा पार्ट असेल तर सॉल्ट स्प्रे टेस्ट (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज येतो का ते) केल्याशिवाय डिस्पॅच करू नका.

हीच सेटिंग तांब्यावर लावून "मशीन बिघडलं" म्हणून फोन करणारेही पाहिलेत. चकचकीत तांबं फायबर लेसरचा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतं, उरलेली उष्णता झपकन आत पसरवतं, मग खूण कशी उठणार? तिथे ५३२ नॅनोमीटरचा ग्रीन लेसर बरा. ॲनोडाईज्ड ॲल्युमिनियमचं गणित आणखी वेगळं, तिथे रंगीत थर उडून पांढरं उमटतं.

अजून एक, विषय नाहीये तरी सांगतो. पीव्हीसीवर कुणी कितीही पैसे दिले तरी मार्किंग करू नका, हायड्रोजन क्लोराईड निघतो, छाती आणि मशीन दोन्हीची वाट लागते. आणि १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पोरं बिनधास्त वाकून बघतात. चष्म्यावर १०६४ आणि ओडी (चष्मा तो प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा) लिहिलेलं आहे का बघून घ्या, साधा काळा गॉगल काही कामाचा नाही.

तुमची फ्रिक्वेन्सी, स्पीड आणि लेन्स ११० मिमी एरियाची का १७५ ची तेवढं इथे टाका. मशीनवाल्याला फोन नंतर करा.