सगळंच ‘विचित्र’ म्हणून कसं चालेल?

प्रश्न असा आहे: स्ट्रेंज, ऑड, विअर्ड, पिक्युलियर, एक्सेंट्रिक, अनकॅनी या सगळ्यांपुढे इंग्रजी-मराठी कोशात ‘विचित्र’ नाहीतर ‘चमत्कारिक’ लिहिलेलं असतं. मग हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ऑफिसच्या मेलमध्ये आकड्यांबद्दल ‘युवर फिगर्स लुक विअर्ड’ असं लिहिलं, तर समोरच्या बाई एवढ्या का दुखावल्या?

चालत नाहीत. वाक्य व्याकरणात बसतं, पण सूर चुकतो. एखादी गोष्ट विचित्र ठरवताना आपण ती कशाशी तरी ताडून बघत असतो. ते ‘कशाशी’ या प्रत्येक शब्दात वेगळं आहे, आणि शब्दाचं मूळ पाहिलं की बहुतेक वेळा सापडतं.

‘स्ट्रेंज’ची तुलना माझ्या ओळखीच्या जगाशी. लॅटिनमधल्या ‘एक्स्ट्रानेउस’पासून, म्हणजे ‘बाहेरचा’ या शब्दापासून, तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. अनोळखी माणूस ‘स्ट्रेंजर’ होतो तो त्यामुळेच. नव्या गावात पहिल्या रात्री झोप लागत नाही, तिथला पलंग ‘स्ट्रेंज बेड’. पलंगात खोट काही नाही, तो फक्त आपला नाही. कुलूप लावून गेलो होतो आणि आल्यावर दार उघडं दिसलं, तर ‘दॅट्स स्ट्रेंज’. मला ठाऊक असलेल्या कारणांत हे बसत नाही, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. उद्या कारण कळलं की स्ट्रेंजपणा संपतो.

‘ऑड’ला ओळखीपाळखीशी देणंघेणं नाही. तो बघतो मांडणीकडे. जुन्या नॉर्स भाषेत (मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाच्या बोलीत) ‘ऑडी’ म्हणजे त्रिकोणाचं टोक, आणि त्यावरून तिसरा, जोडी लागल्यावर उरलेला. विषम संख्या ‘ऑड’ असते ती याच नात्याने. कपाटात एकच मोजा सापडला तर तो ‘ऑड सॉक’. मोजा रोजच्या पाहण्यातला, त्याला स्ट्रेंज कोण म्हणेल? तिशीच्या वर काही माणसं असली की ‘थर्टी-ऑड’, तिथेही भाव ‘वर उरलेले’ हाच.

आता मेलकडे येऊ. अकरा महिन्यांचे आकडे एका चालीने चाललेत आणि ऑगस्टचा तेवढा उडी मारतोय. इथे ‘द ऑगस्ट फिगर लुक्स ऑड’ हे चोख इंग्रजी आहे. रांगेत एक आकडा बसत नाही, बघून घ्या, इतकाच त्याचा अर्थ. कुणावर आळ नाही. ‘स्ट्रेंज’ लिहिलंत तर ‘हे आलं कुठून?’ अशी थोडी शंका मिसळते. ‘विअर्ड’ लिहिलंत तर आकड्यांची तपासणी बाजूला राहते आणि ते पाहून तुम्हाला कसंतरी झालं, हे आधी कळतं. त्यातून मागे ‘युवर’! बाई दुखावल्या यात नवल नाही.

‘ऑड’बद्दल खास मराठी माणसांसाठी एक सूचना. आपण बोलताना ‘न बोलावता जायला जरा ऑड वाटतं’ म्हणतो, तेव्हा आपल्याला संकोच म्हणायचा असतो. मराठी बोलण्यात हा ऑड आता पक्का मुरलाय आणि माझी त्याला हरकत नाही. पण तोच उचलून इंग्रजीत ‘आय फील ऑड’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल तुमची तब्येत बरी नाही, आणि तो पाणी आणायला धावेल. तिथे ‘ऑकवर्ड’ हवा.

‘पिक्युलियर’ची कथा गोठ्यातून सुरू होते. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरंढोरं. आपल्या ‘पशू’चा हा सख्खा भाऊ. त्यावरून ‘पेकूलियम’, म्हणजे रोमन कुटुंबात मुलाला किंवा गुलामाला स्वतःकडे राखू दिलेली मालमत्ता. तेव्हा पिक्युलियर म्हणजे ज्याचं त्याचं, इतर कुणाचं नसलेलं. ‘पिक्युलियर टू’ वापरताना हे जपावं लागतं. ‘ळ इज पिक्युलियर टू मराठी’ असं वाक्य वाचलं की मला राहवत नाही. गुजराती, कन्नड, तमिळ, ओडिया या सगळ्यांकडे ळ आहे. मग तो एकट्या मराठीचा कसा? ‘टू’ नसेल तेव्हा मात्र हा शब्द नाक किंचित मुरडतो. ‘अ पिक्युलियर स्मेल’ म्हणजे नेमका कसला ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय असा वास. पाहुण्याने तुमच्या आमटीची चव पिक्युलियर आहे म्हटलं तर तो आग्रह करूनही दुसरी वाटी घेणार नाही.

‘एक्सेंट्रिक’ मुख्यतः माणसाला लागतो. ग्रीक ‘केंत्रॉन’च्या बाहेरचा तो एक्सेंट्रिक. हाच केंत्रॉन भारतीय ज्योतिषातही आला आणि आपला ‘केंद्र’ झाला, म्हणून कक्षेच्या ‘एक्सेंट्रिसिटी’ला आपण ‘उत्केंद्रता’ म्हणतो तेव्हा दोन्हीकडे मूळ एकच असतं. एक्सेंट्रिक माणूस फिरत असतो, पण स्वतःच्या केंद्राभोवती. त्याचा कुणाला उपद्रव नसतो, आणि बहुधा चार पैसे गाठीला असतात. गरिबाने तेच केलं तर लोक त्याला सरळ वेडा म्हणतात. मराठीत याला ‘तऱ्हेवाईक’ छान बसतो. कोशातल्या ‘विक्षिप्त’मध्ये थोडा तिरसटपणा डोकावतो, आणि ‘चक्रम’मध्ये आदर औषधालाही नाही.

‘विअर्ड’ एके काळी फार भारदस्त होता. जुन्या इंग्रजीत ‘विर्ड’ म्हणजे नियती. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी ‘विअर्ड सिस्टर्स’ आहेत त्या विचित्र दिसतात म्हणून नव्हे, तर भविष्य त्यांच्या हाती आहे म्हणून. आजचा अर्थ रुळला एकोणिसाव्या शतकात, आणि आता तर तो पोरासोरांच्या तोंडी आहे. तरी जुनी हुरहुर पुरती गेलेली नाही: विअर्ड गोष्ट बुद्धीला कोडं घालण्याआधी अंगाला जाणवते. २०२४च्या अमेरिकी निवडणुकीत मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी ट्रम्प आणि व्हान्स यांना ‘विअर्ड’ म्हटलं आणि तो शब्द काही आठवडे सगळीकडे गाजला. ‘धोकादायक’ म्हटल्याने समोरचा मोठा होतो. ‘विअर्ड’ म्हटल्याने तो, ज्याच्यापासून लग्नात चार खुर्च्या लांब बसावं, असा पाहुणा होतो. ‘ऑड’ने हे काम झालं नसतं.

माझ्या मते या घराण्यातला सगळ्यात अवघड शब्द ‘अनकॅनी’. ‘स्ट्रेंज’ म्हणतो, ‘हे ओळखीचं नाही.’ हा म्हणतो, ‘हे नको तितकं ओळखीचं आहे.’ मावशीला जाऊन वर्षं झाली आणि रेल्वेच्या डब्यात समोर बसलेली बाई अगदी तिच्यासारखी पदर सावरते, तेव्हा जे होतं ते अनकॅनी. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलं की यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आपल्याला ते आवडत जातं, पण साम्य फार वाढलं की एका टप्प्यावर आवड एकदम कोसळते. त्या खड्ड्याचं इंग्रजी नाव ‘अनकॅनी व्हॅली’. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं: दिसायला हुबेहूब, पण हस्तांदोलन केलं की गार आणि मऊ, हाडच नसल्यासारखा. असा हात स्ट्रेंज किंवा ऑड म्हणून भागत नाही. मराठीत यासाठी एकटा शब्द मला सापडत नाही. ‘अंगावर काटा यावा इतकं हुबेहूब’ असंच लिहावं लागतं.

उरलेले भराभर. ‘बिझार’ म्हणजे विसंगतीचा कळस, किरकोळ गोष्टीला वापरू नये. ‘आउटलँडिश’ आता बहुतेक कपडे, कल्पना आणि दावे यांच्यापुरता उरलाय. ‘ग्रोटेस्क’मध्ये हसू आणि किळस एकत्र येतात, रोममधल्या नीरोच्या महालाच्या गाडल्या गेलेल्या दालनांत पंधराव्या शतकाच्या शेवटी चित्रं सापडली, दालनं गुहेसारखी वाटली, आणि गुहेच्या ‘ग्रोत्ता’ या इटालियन शब्दावरून हे नाव पडलं.

‘क्वीअर’ मात्र विचित्र या अर्थाने आज वापरू नका. जुन्या कादंबऱ्यांत तो सर्रास भेटतो. पुढे विसाव्या शतकात समलिंगी लोकांना हिणवायला तो वापरला गेला, आणि १९९०च्या सुमारास त्यांनीच तो अभिमानाने स्वतःसाठी घेतला. आता तो लैंगिक ओळख सांगणारा शब्द आहे. ‘क्वीअर नॉइज’ लिहिलंत तर वाचणारा अडखळेल.

आणि ‘क्वेंट’. याच्या मुळाशी लॅटिन ‘कॉग्निटुस’ आहे, म्हणजे ज्ञात. आपला ‘ज्ञ’ त्याच धातूतला. आज अर्थ झालाय ‘जुन्या वळणाचं आणि गोजिरवाणं’. कोकणातल्या कौलारू घराच्या जाहिरातीत पर्यटकांसाठी तो शोभतो. घरमालकासमोर त्याच्या घराला क्वेंट म्हणण्याआधी विचार करा, त्याने मागच्याच वर्षी कर्ज काढून नवी फरशी बसवलेली असू शकते.