मुलीला घाबरवायचं काम माझ्याकडे देऊ नका

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी २४ वर्षांची. बी.कॉम. झाल्यावर गेल्या जुलैत मेलबर्नला अकाउंटिंगच्या मास्टर्सला गेली. घर तारण ठेवून ३२ लाखांचं कर्ज काढलंय. कोल्हापुरात माझं कापडाचं दुकान आहे, माल गांधीनगरहून भरतो. गेल्या महिन्यात तिथल्या ओळखीच्यांनी एक फोटो पाठवला, मोर्चात ही हातात फलक घेऊन उभी. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका गटात जाते म्हणे. आता म्हणते, अकाउंटिंग सोडून सोशल वर्क करणार. परक्या देशातल्या घुसखोरांशी आपलं काय देणंघेणं? व्हिसा रद्द झाला तर? स्थळं बघतोय, त्यांना काय सांगू? मी तिला बजावलंय, हे थांबलं नाही तर पुढच्या सेमिस्टरची फी भरणार नाही. तुम्ही तिला फोन करून एवढंच सांगा की असल्या मुलांचा व्हिसा जातो. तुमचं ऐकेल.
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर:

तुमचं पत्र मोठं आहे. कर्जाचे हप्ते, दुकानाची मंदी, नातेवाईक काय म्हणाले, सगळं त्यात आहे. मुलगी त्या गटात नेमकं काय काम करते, यावर मात्र एक ओळही नाही. तुम्ही तिला ते विचारलेलंच नाही, असं मला दिसतं. फोटो बघितलात आणि थेट फीवर आलात.

फोन मी करणार नाही. एक तर तुम्ही मला जे सांगायला लावताय ते खरं नाही. दुसरं म्हणजे, तुमची मुलगी त्या देशात एकटी राहते, स्वतःच्या व्हिसाची कागदपत्रं स्वतः वाचते. मी सांगितलेलं खोटं तिला संध्याकाळपर्यंत कळेल, आणि त्यानंतर ती तुम्हालाही काही सांगणार नाही. परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते. तिकडे पैशांची अडचण येते, घरमालक त्रास देतो, तब्येत बिघडते, आणि मूल घरी म्हणतं, ‘सगळं छान आहे बाबा.’ कारण खरं सांगितलं की धमकी मिळते, हे त्याला एव्हाना कळलेलं असतं.

आता व्हिसाचं, कारण खरा गैरसमज तिथे आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाच्या अटी ग्रँट लेटरवर, म्हणजे व्हिसा मंजुरीच्या पत्रावर, आकड्यांनी लिहिलेल्या असतात. त्यातली ८२०२ म्हणते की ज्या पातळीच्या अभ्यासक्रमासाठी व्हिसा मिळाला त्या पातळीला प्रवेश कायम हवा आणि अभ्यासात प्रगती हवी. ८१०५ म्हणते की सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. समाजोपयोगी संस्थेत खऱ्या अर्थाने विनामोबदला केलेलं काम या तासांत धरत नाहीत. शांततेने मोर्चात चालणं, सह्या गोळा करणं, खासदाराच्या कार्यालयात निवेदन देणं, यातलं काहीही तिथे गुन्हा नाही. रस्ता अडवून बसणं, पोलिसांनी उठायला सांगितल्यावर न उठणं, कुणाच्या आवारात घुसणं, हे मात्र तिने टाळायलाच हवं. त्यातून गुन्हा दाखल झाला तर व्हिसावर आच येऊ शकते. हे मी तिला आनंदाने सांगेन, कारण ते खरं आहे. आणि आता ८२०२ पुन्हा वाचा. फी भरली नाही की विद्यापीठ प्रवेश रद्द करतं, प्रवेश रद्द झाला की अट मोडते, आणि अट मोडली की व्हिसा रद्द होण्याची वाट मोकळी होते. म्हणजे ज्या संकटाला तुम्ही घाबरताय, ते फलकाने येणार नाही, तुमच्या धमकीने येईल. शिवाय फीची सोय स्वतः करायला निघालेली मुलं ४८ तासांच्या वर, रोखीने, कमी पगारात राबतात. मालकाला ते ठाऊक असतं आणि तो त्याचा फायदा घेतो.

‘घुसखोर’ हा तुमचा शब्द. आश्रय मागणं हा माणसाचा हक्क आहे, असं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं १४वं कलम म्हणतं, आणि १९५१चा निर्वासितांचा करार ऑस्ट्रेलियाने १९५४ साली मान्य केलेला आहे. बोटीतून आला म्हणून माणसाचा आश्रय मागण्याचा हक्क संपत नाही. पण तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून मला कायद्याच्या आधी कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. १९४३ साली तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. स्टालिनच्या राजवटीने घरादारातून उचलून सायबेरियाकडे नेलेली माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यांतली सुमारे पाच हजार कोल्हापूर संस्थानात राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तुम्ही त्याच्यावरून कितीदा गेला असाल. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं आली. तेच तुमचं गांधीनगर. ज्या पेठेतून तुम्ही माल उचलता ती निर्वासितांनी उभी केली आहे. ‘आपलं काय देणंघेणं’ हे वाक्य तुमच्या दुकानात बसून लिहिलं गेलं, याचं मला वाईट वाटलं.

मुलगी जिथे आहे तिथे हे काम कसं चालतं, ते सांगते. तुमच्या डोळ्यांसमोर फक्त घोषणा आहेत. क्वीन्सलँडमध्ये बिलोएला नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कत्तलखान्यात नोकरी करणारा एक श्रीलंकन तमिळ माणूस, त्याची बायको आणि ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या दोन लहान मुली असं कुटुंब होतं. मार्च २०१८मध्ये एका पहाटे अधिकारी दारात आले, सामान भरायला जेमतेम काही मिनिटं दिली आणि सगळ्यांना उचलून मेलबर्नच्या डिटेन्शन सेंटरमध्ये नेलं. तात्पुरता व्हिसा आदल्या दिवशी संपला होता, एवढंच कारण. गावातल्या ओळखीच्या बायकांनी मोहीम सुरू केली. पुढाकार घेणाऱ्यांत एक सोशल वर्कर होती. हे गाव चळवळींसाठी ओळखलं जाणारं नव्हे. शेती, खाणी आणि मांसाचा कारखाना, मतं पुराणमतवादी पक्षाला. म्हणूनच या बायकांनी भाषा जपून निवडली. देशाच्या धोरणावर भाषणं दिली नाहीत. ‘आमच्या गावातली माणसं आम्हाला परत द्या’, एवढीच मागणी धरून ठेवली, म्हणजे सरकारला मत देणारा शेजारीही सही करू शकेल.

ऑगस्ट २०१९मध्ये कुटुंबाला विमानात बसवून हद्दपार करायला निघाले. विमान हवेत असताना वकिलांनी न्यायाधीशांकडून मनाई हुकूम मिळवला आणि ते डार्विनला उतरवावं लागलं. त्या रात्री वकील तयार होते, पत्रकारांचे नंबर हाताशी होते, कुणाला आधी फोन करायचा ते ठरलेलं होतं. ही तयारी म्हणजेच ते काम. त्यानंतर कुटुंबाला ख्रिसमस बेटावर नेऊन ठेवलं, मुख्य भूमीपासून दीड हजार किलोमीटर लांब. जून २०२१मध्ये धाकटी मुलगी तिथे गंभीर आजारी पडली, रक्तात संसर्ग झाला, तेव्हा तिला पर्थच्या रुग्णालयात हलवलं. मोहीम चार वर्षं चालू राहिली. सह्या लाखोंच्या घरात गेल्या. मे २०२२मध्ये सरकार बदललं, जूनमध्ये कुटुंब बिलोएलाला परतलं आणि ऑगस्टमध्ये कायमचा व्हिसा मिळाला.

चार वर्षं गावातली माणसं याद्या करत होती, तारखा सांभाळत होती, खासदारांना पत्रं लिहीत होती, मुलींचे वाढदिवस लोकांच्या विस्मरणात जाऊ देत नव्हती. देणग्यांचा हिशेबही कुणीतरी ठेवत असणार. तुमची मुलगी बी.कॉम. आहे. त्या गटात तिला कदाचित हेच काम दिलं असेल. विचारा तिला.

सगळ्या मोहिमा अशा जिंकत नाहीत, हेही तिला माहीत असायला हवं. आश्रय मागायला आलेल्यांपैकी ऑस्ट्रेलियाने नाउरू आणि मानूस या पॅसिफिकमधल्या बेटांवर ठेवलेल्या आजारी माणसांना उपचारांसाठी ऑस्ट्रेलियात आणण्याचा कायदा २०१९च्या सुरुवातीला लोकांनी रेटून संमत करून घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने तो रद्द केला. या कामात वर्षानुवर्षांची मेहनत एका मतदानात जाते. ते सोसायची तयारी आहे का, हा प्रश्न मी तिला नक्की विचारेन.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. मोहीम चालवण्याची पगारी नोकरी फार थोड्यांना मिळते, बहुतेक नोकऱ्या वर्ष-दोन वर्षांच्या करारावर, अनुदान संपलं की नोकरी संपली. ज्यांचं घर या क्षेत्रावर चालतं ते बहुधा वकील, सोशल वर्कर, समुपदेशक, दुभाषे किंवा संस्थांचे हिशेब आणि व्यवस्थापन बघणारे असतात. मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात २००१ साली एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन धान्यवाटपापासून सुरू केलेलं आश्रयार्थींचं केंद्र आज मोठी संस्था आहे आणि मुख्यतः देणग्यांवर चालतं. तिथे अकाउंटंटची गरज नसेल असं तुम्हाला वाटतं का? व्हिसाचा सल्ला देणारी मायग्रेशन एजंट व्हावं असं तिच्या मनात असेल तर ते आत्ता विसरा. त्या नोंदणीसाठी नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास लागतो. भारतात परतून करायचं असेल तर सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं (टिस) सोशल वर्कचं मास्टर्स, किंवा सीईटी देऊन तीन वर्षांची एलएलबी. याची माहिती सगळीकडे मिळते.

राहिला कोर्स बदलण्याचा प्रश्न, आणि इथे मी मुलीला टोकणार आहे. चळवळीत राहायला सोशल वर्कची पदवी लागत नाही. माणसांच्या केसेस रोज हाताळायच्या असतील, दवाखान्यात, शाळेत, छळातून वाचलेल्यांच्या केंद्रात बसायचं असेल, तरच ती पदवी घ्यावी. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात १००० तासांचं प्रत्यक्ष काम (प्लेसमेंट) करावं लागतं आणि ते बहुधा बिनपगारी असतं. त्या महिन्यांत तिची कॅफेतली किंवा दुकानातली अर्धवेळ कमाई जवळजवळ बंद होईल. तिथल्या सरकारने जुलै २०२५पासून या काळासाठी भत्ता सुरू केला आहे, पण परदेशी विद्यार्थ्यांना तो मिळत नाही. कर्जाचा हप्ता आणि भाडं तेव्हा कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे आणि तुमच्या अख्ख्या पत्रात तो नाही. बी.कॉम.वर प्रवेश मिळतो का, हेही आधी विद्यापीठाला विचारावं. काही ठिकाणी पदवीला सामाजिक शास्त्रांचे विषय असावे लागतात.

बदल करायचाच ठरला तर मास्टर्समधून मास्टर्सलाच जावं. ग्रॅज्युएट डिप्लोमा स्वस्त दिसतो, पण त्याची पातळी खालची आणि तिथे ८२०२ आडवी येते. नवा सीओई, म्हणजे नव्या प्रवेशाचा दाखला, हातात आल्याशिवाय जुना प्रवेश सोडायचा नाही. नवा कोर्स सध्याच्या व्हिसाच्या तारखेपलीकडे जात असेल तर नवा स्टुडंट व्हिसा लागेल. जुलै २०२५मध्ये त्याची फी २००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, आणि अकाउंटिंगवरून इकडे का वळली हे तिला व्हिसा अधिकाऱ्याला पटेल असं लिहून द्यावं लागेल. तिथे हेच स्वयंसेवेचं काम तिच्या बाजूने बोलेल, ज्याची तुम्हाला लाज वाटते आहे.

माझं स्वतःचं मत असं, की तिने अकाउंटिंग पुरं करावं, गटातलं काम चालू ठेवावं आणि शेवटच्या सेमिस्टरला अशा संस्थेच्या हिशेब विभागात इंटर्नशिप शोधावी. पण हे मत मी तिच्याशी न बोलता देते आहे. तिची कारणं ऐकल्यावर कदाचित बदलेन.

स्थळांचं विचारलंत. लग्नाचा विषय तिने काढल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. ज्या मुलाच्या घरच्यांना असा फोटो खटकतो, त्या घरी तुमची मुलगी सुखाने नांदणार नाही, तेव्हा ते लवकर कळलं तर बरंच. पण मुळात हा विषय तिचं शिक्षण संपेपर्यंत बंद ठेवा.

या रविवारी तिला फोन करा. फी भरणार आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा, अट न घालता. मग ती त्या गटात नेमकं काय करते ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्यानंतर दोघांनी मिळून खर्चाचा तक्ता करा. एकात अकाउंटिंग पुरं करण्याचा हिशेब, दुसऱ्यात सोशल वर्कचा, प्लेसमेंटचे बिनकमाईचे महिने वेगळे दाखवून. तो तक्ता आणि तिचं स्वतःचं पत्र आलं की मी तिला सविस्तर उत्तर देईन. ते पत्र मात्र तिने लिहावं, तुम्ही नाही.