गच्चीवर अँटेना लावण्याआधी

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना मिळाला, मनापासून अभिनंदन! टॉवरचा विचार मात्र सध्या बाजूला ठेवा. बहुतेक नवे लोक आधी पाइप उभा करतात आणि मग सोसायटीला विचारतात, तिथेच बिनसतं. गच्ची सगळ्यांची आहे, लेखी परवानगी आधी घ्या.

नागपुरात सोनेगाव, मनीषनगरकडे राहत असाल तर विमानतळ जवळच आहे. उंच मास्टसाठी, म्हणजे अँटेना धरणाऱ्या खांबासाठी, विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागू शकते. महापालिकेतही विचारा.

सुरुवातीला एवढंच करा:

- 7 मेगाहर्ट्झसाठी तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली साधी तारेची अँटेना), लांबी सुमारे 20 मीटर. स्वस्त, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येत नाही.
- विजेच्या तारांपासून इतकं अंतर ठेवा की मास्ट आडवा पडला तरी त्यांना लागणार नाही. यात तडजोड नकोच.

अर्थिंग पावसाळ्याआधी करून घ्या. आभाळ भरून आलं की गडगडाटाची वाट न पाहता अँटेनाची केबल रेडिओपासून काढा.