जांभ्याच्या घराला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करावं का?

प्रश्न: रत्नागिरीजवळ ९०० चौरस फुटांचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांचं, घर बांधतोय. गवंडी म्हणतात, बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करा, नाहीतर भिंत पाणी ओढेल. करावं का? आणि चिरे किती लागतील?

उत्तर:

नका करू. चिऱ्यांचा हिशोब शेवटी देतो. आधी प्लास्टर, कारण हा सल्ला ऐकला की खाडीच्या तोंडावरच्या एका घराची पश्चिमेची भिंत डोळ्यासमोर येते.

९ इंची चिऱ्याची भिंत, आतून-बाहेरून १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा, म्हणजे प्लास्टर, वर ॲक्रिलिक रंग. तिसऱ्या पावसाळ्यात आतून पाच फुटांपर्यंत ओल चढली. ठेकेदाराने उपाय म्हणून बाहेरून वॉटरप्रूफिंगचे आणखी दोन हात मारले. चौथ्या पावसाळ्यात ओल छताला टेकली. डिसेंबरात गिलावा ठोकून पाहिला तर निम्मी भिंत पोकळ वाजत होती. छिन्नी लावताच ताटाएवढ्या खपल्या सुटल्या. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते, तरी आतला चिरा हाताला गार आणि ओला. सांध्यांत लोणा (मिठाचा पांढरा थर) लागलेला, माल बोटाने खरवडला तरी पिठासारखा निघत होता.

जांभा पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. त्यावरचा १:४ चा माल सुकताना आकसतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, तोही झडीचा. पाण्याला आत शिरायला एक भेग पुरते, पण बाहेर पडायला सगळी भिंत मोकळी लागते, आणि ती आपण रंगाने बुजवलेली असते. मग ते पाणी घरात वाट काढतं. खाडीकाठी त्यात मीठ असतं. त्याचे खडे गिलाव्यामागे धरतात आणि गिलावा ढकलून पाडतात.

त्या भिंतीचा सगळा गिलावा हाताने, छिन्नीने काढला. ब्रेकर लावला तर चिऱ्याच्या कडा उडतात. एक उन्हाळा भिंत उघडी ठेवली. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतलात तर मीठ विरघळून परत आत जातं. मग सांधे पाऊण इंच खोल कोरून दरजा भरल्या. माल असा: चुना १, सुरखी (भाजक्या विटेची पूड) १, वाळू २. नुसता चुना-वाळूचा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि कोकणातल्या दमट सांध्यात ते फार रेंगाळतं. सुरखी घातली की तो पाण्यातही धरतो. सुरखीला नीट किंवा थोडी कमी भाजलेली वीट घ्या. काळी पडलेली, जास्त भाजलेली वीट दळून फक्त महाग वाळू मिळते. खाडीची वाळू अजिबात नको.

चुना कळीचा (भाजलेला, न विरवलेला) मिळाला तर उत्तम. भिजवताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चाळून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. गोणीतली पावडर असेल तर निदान २४ तास भिजवा. उघडी पडून राहिलेली गोणी घेऊ नका. तो चुना राहिलेला नसतो, खडू झालेला असतो.

दरज भरण्याआधी सांधा भिजवायचा, माल दोन वेळा दाबून भरायचा आणि चिऱ्याला समतल संपवायचा. हल्ली दरज दोरीसारखी बाहेर काढायची फॅशन आहे. तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. त्या घरी पहिल्या आठवड्याचं काम वाया गेलं. पश्चिमेच्या उन्हाने माल तिसऱ्याच दिवशी कोरडा पडला आणि भुकटी झाला. सगळं काढून पुन्हा भरलं आणि वर दहा दिवस ओलं गोणपाट टांगलं. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा.

निम्मं श्रेय मात्र पडवीचं. स्लॅब भिंतीच्या पुढे जेमतेम अर्धा फूट होता, खिडक्यांचे खालचे कट्टे सपाट, जोतं ९ इंच. मंगलोरी कौलांची ४ फुटी पडवी काढली, कट्ट्यांना बाहेर उतार दिला आणि खालून, कडेपासून एक इंच आत पाण्याची खाच मारली. जोतं वाढवता येत नव्हतं, म्हणून भिंतीलगत दोन फूट रुंद खडीचा पट्टा केला, म्हणजे पागोळ्यांचं पाणी उडत नाही. पुढच्या पावसाळ्यात भिंत बाहेरून भिजली, उघडीप मिळाली की वाळली, आत डाग नाही. तुमचं नवीन आहे, तेव्हा जोतं २ फूट, पाखं (छताची उतरती कड) ३ फूट बाहेर आणि पश्चिमेला पडवी आत्ताच आराखड्यात घाला.

त्या ठेकेदाराचं म्हणणं आजही तेच, की चिराच फुसका होता. त्याच भिंतीतून काढलेला एक चिरा पूर्ण वाळवल्यावर २८ किलो भरला, २४ तास भिजवल्यावर ३०.६. म्हणजे सव्वानऊ टक्के. आयएस ३६२० या जांभ्याच्या चिऱ्यांच्या भारतीय मानकात मर्यादा १२ टक्के आहे. चिऱ्यात खोट नव्हती.

आता अपवाद. मोरी-न्हाणीत लादीच्या उंचीपर्यंत सिमेंट चालेल. जिथे पाखं काढताच येत नाही अशा उघड्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करा. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नसेल तर सिमेंट, चुना, वाळू १:१:६ ही तडजोड चालते. आणि कोयना लांब नाही, १९६७ चा भूकंप आठवा. जोतं, दारांची वरची पातळी आणि भिंतीचा माथा इथे ३ इंची काँक्रीटचे पट्टे हवेतच: १० मिमीच्या दोन सळ्या, ६ मिमीच्या रिंगा दर ६ इंचांवर, कोपऱ्यात सळी वळवून पुढे नेलेली. चुन्याचं प्रेम इथे दाखवायचं नाही.

चिरे: १४ x ९ x ७ इंची चिरा आणि अर्धा इंच सांधा धरला तर ९ इंची भिंतीला १०० चौरस फुटांना सुमारे १३२, तूटफूट धरून १४५. भिंत १४ इंची केलीत तर २०२, तुटीसह २२० धरा. दारं-खिडक्या आणि आतल्या भिंती तुम्ही लिहिलेल्या नाहीत, तेव्हा पुढचा गुणाकार तुमच्याकडे. खाणीवर टेप घेऊन जा, १४ च्या नावाखाली १३ चा येतो. पांढऱ्या मातीच्या शिरा असलेला बाजूला काढा, आणि काढलेला चिरा बांधण्याआधी निदान तीन महिने उघड्यावर ठेवा, खाणीतून ताजा आलेला मऊ असतो.