भाड्याने दिलेलं घर विकताना कर कसा दाखवायचा?

सिडकोतलं घर २०१२ मध्ये घेतलं, सहा वर्षं भाड्याने दिलं, आता विकायला काढलंय. इतकी वर्षं भाडं खाल्लं म्हणून जास्त कर बसेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही बसत. स्वतः राहिलेलं असो की भाडेकरू ठेवलेलं, विक्रीच्या नफ्याचा हिशेब एकच.

मी लातूरचं घर सप्टेंबर २०२४ मध्ये विकलं. नांदेडला बदली झाल्यापासून आठ वर्षं त्या घरात भाडेकरूच होते. २००९ च्या दिवाळीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रीसकट ते १४ लाख ८० हजारांना पडलं होतं, गेलं ४२ लाखांना. सरळ नफा २७ लाख २० हजार, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ३ लाख ४० हजार कर. आकडा ऐकून रात्रभर झोप नव्हती. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, आपण भारतात राहणारे असू तर, दुसरी वाट आहे: महागाई निर्देशांक लावायचा, म्हणजे खरेदीची किंमत विक्रीच्या वर्षाच्या निर्देशांकाने गुणून खरेदीच्या वर्षाच्या निर्देशांकाने भागायची, आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के भरायचे. २००९-१० चा निर्देशांक १४८, २०२४-२५ चा ३६३. खरेदीची किंमत झाली ३६ लाख ३० हजार, नफा उरला ५ लाख ७० हजार आणि कर १ लाख १४ हजार, वर सेस, म्हणजे करावरचा उपकर. तुमच्या २०१२-१३ चा निर्देशांक २०० आहे. दोन्ही हिशेब मांडून बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका.

माझं नुकसान झालं ते पावतीपायी. २०१६ च्या मे महिन्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा, घरामागे बोअर घेतला. मोटर, पाईप धरून १ लाख ३२ हजार, सगळे रोख. बोअरवाल्याने वहीचं पान फाडून त्यावर नुसता आकडा लिहून दिला, ना नाव ना सही. सीएंनी ते पान उलटसुलट बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. तो खर्चही निर्देशांक लावून खरेदीच्या किमतीत धरता आला असता तर ३६ हजार ३०० रुपयांचा कर वाचला असता. तुम्ही वर खोली, जिना काही बांधलं असेल तर त्याची बिलं आजच शोधा.

रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती मात्र यात येत नाही. भाड्यातून दरवर्षी ३० टक्के वजावट मिळते ती त्याचसाठी. गृहकर्जाचं जे व्याज भाड्यातून वजा केलंय, तेही खरेदीच्या किमतीत पुन्हा धरता येत नाही.

रिटर्नला ‘सहज’ नावाचा साधा फॉर्म (आयटीआर-१) चालणार नाही, आयटीआर-२ भरा. विक्रीच्या तारखेपर्यंतचं भाडं घरभाड्याच्या रकान्यात, नफा भांडवली नफ्याच्या. लपवायचा विचारही नको; ३० लाख आणि त्यावरचा व्यवहार रजिस्ट्री ऑफिसातूनच आयकर खात्याला कळवला जातो.

नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेणार असाल तर तेवढ्या रकमेवर करमाफी आहे, विकलेलं घर भाड्याचं होतं तरीही. फक्त रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नाही तर ती रक्कम बँकेत कॅपिटल गेन्सच्या, म्हणजे भांडवली नफ्यासाठीच्या खास खात्यात टाका, साध्या बचत खात्यात ठेवू नका.