शॉर्ट आलेली कॅश

"मॅडम, माझी ग्रॅच्युइटी बँकेत पडून आहे. एकदाच सगळं फेडून टाकतो. मग तरी सोडेल ना तो?"

जुगाराच्या व्यसनावर समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. कधी आई विचारते, कधी बायको. या वेळी विचारणारे होते नाना, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा चौतीसचा, एमआयडीसीत नोकरीला. सुरुवात मोबाइलवरच्या रमीने. 2025 साली केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली, ॲप बंद पडलं आणि घरच्यांना वाटलं, सुटलो. पंधरवड्यात पठ्ठ्याने टेलिग्रामवरून क्रिकेट सट्ट्याचा आयडी मिळवला होता.

कर्ज किती? मुलगा म्हणाला, चार लाख. पहिला आकडा मी कधीच धरत नाही. जुगाराचं व्यसन किती, हे मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. मूळ कॅनडातली, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27, आणि 8 किंवा जास्त आले की प्रकरण गंभीर. याला 19 पडले. चाचणी चांगली आहे, पण ती खेळणाऱ्यालाच विचारते. घर तिच्यात एकाच प्रश्नात डोकावतं, तेही पैशांच्या अडचणीपुरतं.

म्हणून नानांना म्हटलं, ड्यूटी संपल्यावर डेपोत हिशेब द्यायचात ना, तसा मांडून आणा. सुनेलाही वेगळं पान दिलं.

पुढच्या खेपेला नाना दोनशे पानी वही घेऊन आले. पट्टीने आखलेले रकाने: पतसंस्था, लोन ॲप, मित्रांचे हातउसने, भिशी, सोनं गहाण. बेरीज 7,85,000. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्यालाही ही बेरीज पहिल्यांदाच दिसत होती, असं मला वाटलं.

सुनेच्या पानावर आकडे जवळपास नव्हतेच. भावाच्या लग्नाला गेले नाही, कारण गळ्यात काय घालणार. पर्स तांदळाच्या डब्यात ठेवते. रात्री यांचा फोन वाजला की छातीत धडधडतं. शेवटची ओळ वाचायला तिने पान माझ्याकडे सरकवलं. आठ वर्षांची मुलगी अनोळखी नंबर आला की न सांगता म्हणते, "पप्पा घरी नाहीत."

नानांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "कॅश शॉर्ट आली की आम्ही पदरचे भरायचो, मॅडम. तीच सवय."

तिथेच मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: नाही, सोडणार नाही. कर्ज एकरकमी फिटलं की त्याची बाजारातली पत परत येते आणि "गेलेले काढू" ही खाज तशीच राहते. शिवाय या पानावरचं काय भरणार?

मुलाला एकट्याला बसवून सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? दोनदा आलं होतं. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक तिघांच्या फोनमध्ये घालून दिला. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालतो. पगाराचा व्यवहार सुनेच्या हाती गेला. हप्ते थेट ज्यांचे पैसे द्यायचे त्यांना, मुलाच्याच पगारातून. ग्रॅच्युइटीला हात लागला तो फक्त सोनं सोडवण्यापुरता, आणि त्यावरूनही माझा नानांशी वाद झालाच. सोनं सुनेचं होतं, म्हणून मी शेवटी गप्प बसले.

तिसऱ्या महिन्यात मुलगा पुन्हा खेळला. दोन हजार गेले. या वेळी त्याने ते स्वतःच बायकोला सांगितलं, रात्री उशिरा, स्वयंपाकघरात.

नानांनी वही दाखवली. त्या तारखेसमोर लाल शाईने लिहिलं होतं: शॉर्ट 2,000. भरल्याचा रकाना कोरा होता.