दीड हजाराचा फ्यूज

प्रश्न : माझ्याकडे ५० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत ते ठेवलेत. ऐकणं मुख्यतः ख्यालगायन. माझ्या एका मित्राने ॲम्पमधला साधा फ्यूज काढून ऑनलाइन मागवलेला, सोन्याचा मुलामा असलेला ‘ऑडिओफाइल’, म्हणजे आवाजाच्या शौकिनांसाठीचा, फ्यूज घातला. तानपुरा एकदम मोकळा झाला, असं तो शपथेवर सांगतो. नामांकित कंपन्यांचे असे फ्यूज फार महाग, हा दीड हजारात मिळतोय. कोणत्या दिशेने बसवायचा त्याचा बाणही छापलेला आहे. घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नका. तुमचे मित्र थापा मारत असतील असं मात्र मला वाटत नाही. फ्यूज बदलून खूश झालेली मंडळी माझ्या दुकानात अधूनमधून येतात आणि मनापासून बोलतात. आता जरा त्यांच्या घरात काय घडलं असेल ते बघा. ॲम्प बंद केला, होल्डरची टोपी फिरवून जुना फ्यूज काढला. काही वर्षांचा फ्यूज असेल तर दोन्ही टोकांच्या टोप्या काळवंडलेल्या असतात, होल्डरच्या पत्तीचा ताण गेलेला असतो. नवा फ्यूज घासून आत गेला की कॉन्टॅक्ट आपोआप साफ होतो. आधी ढिल्या कॉन्टॅक्टमुळे बारीक खरखर येत असेल तर ती गेली. पण ती दहा रुपयांच्या फ्यूजनेही गेली असती. शिवाय दीड हजार मोजल्यावर माणूस कान टवकारून बसतो, आणि असं बसलं की तानपुऱ्यात रोज न ऐकलेलं पुष्कळ काही ऐकू येतं.

आता हिशेब. २ ॲम्पिअरच्या साध्या काचेच्या स्लो-ब्लो (उशिरा उडणाऱ्या) फ्यूजचा रोध ०.०५ ओमच्या आसपास असतो. त्यातून १ ॲम्पिअर वाहिला तर फ्यूजवर ०.०५ व्होल्ट पडतात. तुमच्या घरातली वीज २३० व्होल्टची म्हणायची, पण संध्याकाळी शेजारचे पंप आणि एसी सुरू झाले की तीच पाच-दहा व्होल्टने खाली येते. त्यापुढे फ्यूजचे ०.०५ व्होल्ट म्हणजे वरातीत पिपाणी. आणि फ्यूज ओलांडला की वीज जाते ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या गुंडाळीत. तिथे बारीक तांब्याची तार वेढ्यांवर वेढे गुंडाळलेली, तुमच्या ताकदीच्या ॲम्पमध्ये तिचा रोध काही ओम भरतो, म्हणजे फ्यूजच्या कित्येक पट. त्या तारेला कुणी सोन्याचा मुलामा देत नाही. पुढे एसीची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करणारा ब्रिज रेक्टिफायर, मग ती साठवणारे मोठे कपॅसिटर. स्पीकरला मिळणारी ताकद त्या कपॅसिटरमधल्या डीसीतून येते.

बाणाचं म्हणाल तर आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. बाण कुणासाठी छापलाय ते छापणाऱ्यालाच विचारा.

मला खरी काळजी आहे ती ‘स्वस्त’ या शब्दाची. चांगल्या फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरांत ‘टी २ ए एल २५० व्ही’ असं काहीतरी कोरलेलं असतं. टी म्हणजे उशिरा उडणारा. एफ असेल तर झटकन उडणारा. चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर मोठा करंट खेचतो, म्हणून बहुतेक ॲम्पमध्ये टी लागतो. २ ए म्हणजे २ ॲम्पिअर. एल म्हणजे साधा काचेचा: शॉर्ट झाल्यावर ३५ ॲम्पिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल तितका करंट तो सुरक्षित तोडतो. त्याजागी एच असेल तर १५०० ॲम्पिअर. एच फ्यूज बहुधा सिरॅमिकचा असतो, ठिणगी विझवायला आत वाळू भरलेली असते. सोनेरी टोपीवर नुसता बाण आणि कंपनीचा शिक्का असेल तर तो शॉर्टमध्ये काय करेल हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. काही विक्रेते वर ‘एक पायरी मोठ्या रेटिंगचा घ्या’ असंही सुचवतात. ते अजिबात ऐकू नका.

तरीही कानाने खात्री करायची असेल तर घरातल्या कुणाला तरी हाताशी घ्या. दर वेळी ॲम्पचा प्लग काढून, पाच मिनिटं थांबून त्यांनी फ्यूज बदलायचा किंवा बदलल्यासारखं करायचं. नाणं उडवून ठरवलं तर उत्तम. तुम्ही ॲम्पकडे पाठ करून बसायचं. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं म्हणून हुरळू नका. नुसत्या अंदाजाने आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता अठरात एक असते. नऊ आले तर मला पत्र लिहा.

आणि अहो, स्पीकर शोकेसमध्ये? मग तानपुरा कसा मोकळा होईल! स्पीकरच्या मागे भोक असेल तर त्यातला खर्ज कप्प्यात घुमतो, डग्ग्याची गमक फुगून गायकाच्या आवाजावर चढते. आजच दोन्ही बाहेर काढा. भिंतीपासून हातभर पुढे, ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि दोघांमध्ये जितकं अंतर तितकंच तुमच्यापासून. दीड हजारात लोहाराकडून दोन साधे स्टँड करून मिळतात का बघा. तोवर स्टुलं चालतील. घरात थोडी कुरबुर होईल, शोकेस रिकामी दिसते म्हणून.

प्रश्न : माझ्या जुन्या ॲम्पमध्ये स्पीकरच्या वाटेवरही दोन फ्यूज आहेत. ते आवाज बिघडवतात हे खरं का? तार टाकून ते काढू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इथे मात्र तक्रारीत तथ्य आहे. या फ्यूजमधून प्रत्यक्ष संगीताचा करंट जातो. खालच्या सुरांना आतली बारीक तार प्रत्येक हेलकाव्याबरोबर तापते-निवते, तिचा रोध वर-खाली होतो आणि त्यातून तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा आगंतुक सूर, उमटतो. हे मीटरवर मोजता येतं. फ्यूजच्या रेटिंगच्या जवळ वाजवलं तर जास्त, हळू वाजवलं तर नगण्य. महागडा फ्यूजही यातून सुटत नाही, कारण वितळायचं तर तारेने तापायलाच हवं. पण काढू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सगळा डीसी स्पीकरवर येतो, तेव्हा वूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल वाचते ती या फ्यूजमुळेच. माहितगाराकडून रिले (बिघाड झाला की स्पीकर आपोआप तोडणारा स्विच) असलेलं प्रोटेक्शन सर्किट बसवून घेतलंत तर मग हे फ्यूज काढता येतील. तोवर तुमच्याकडची खारी हवा लक्षात घेऊन पावसाळ्यानंतर प्लग काढून होल्डर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्याच रेटिंगचे नवे फ्यूज घाला.

प्रश्न : ॲम्प चालू केला की फ्यूज उडतो. मोठा घालू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. बुधवार पेठेत दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि आधी सिरीज लॅम्पवर, म्हणजे ॲम्पच्या विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, लावून बघायला सांगा. १०० वॉटचा पिवळा बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर फ्यूजच चुकीचा, एफचा वगैरे, बसवलेला असू शकतो. लख्ख पेटलेलाच राहिला तर ब्रिज रेक्टिफायर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असण्याची शक्यता जास्त.